कवळ्याहून विचारते: पावसात नळाला तांबूस पाणी, घरात लहान बाळ. आरओ घ्यावा का?

कवळ्याची सून

नमस्कार मंडळी. आमचे घर गोव्यात, फोंड्याजवळच्या कवळ्याला, सासऱ्यांच्या वेळचे, चिऱ्यांचे. नळाचे पाणी ओपाच्या जलशुद्धीकरण केंद्रातून येते आणि परसात विहीरही आहे. नळ सकाळी दोनेक तास असतो. ते पाणी आधी अंगणातल्या जमिनीखालच्या टाकीत पडते, तिथून मोटर लावून गच्चीवरच्या काळ्या टाकीत चढवतो. स्वयंपाकघरातला नळ त्या वरच्या टाकीवर आहे.

मृग लागल्यापासून नळ सुटला की सुरुवातीला तांबूस येते, मग निवळते. वरच्या टाकीचे पाणी मात्र दिवसभर किंचित गढूळच दिसते. बाळ सात महिन्यांचे आहे, नुकतेच नाचण्याचे सत्त्व सुरू केले आहे. खालच्या वाड्यावर दोघांना कावीळ झाल्याचे कळले तेव्हापासून मला झोप नाही.

परवा आरओचा, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या मशीनचा, विक्रेता येऊन गेला. मीटर बुडवून त्याने टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, दाखवला, ६८. मग दोन सळ्यांचे एक यंत्र आमच्या पाण्यात घालून बटण दाबले, तर तपकिरी-काळा गाळ तयार झाला. त्याच्या बाटलीतले पाणी तसेच्या तसे राहिले. ते बघून सासूबाई घाबरून गेल्या. एरवी त्या विहिरीचेच पाणी पितात, रात्री तांब्याच्या कळशीत भरून ठेवतात आणि सकाळी तेच घेतात. यजमान म्हणतात, कर्ज काढून का होईना, मशीन घेऊ. खरेच घ्यावे का? बाळासाठी नळाचे पाणी बरे की विहिरीचे? आणि त्याच्या आंघोळीचे काय?

वास्कोचा फ्लॅटवाला

आमच्याकडे आरओ आहे. सोसायटीची बोअर मचूळ आहे आणि उन्हाळ्यात टँकर लागतात, म्हणून घ्यावाच लागला. चवीत फरक पडला. पण एक लिटर पिण्याचे पाणी मिळवायला तीनेक लिटर बाहेर जाते, ते आम्ही बादलीत धरून लादी पुसायला वापरतो. तुमचे ओपाचे पाणी तर मुळातच गोडे. गरज आहे का, ते जाणकार सांगतील.

निवृत्त पाणीतपासनीस

बाय, वयाने मोठा आहे म्हणून अशी हाक मारतो. नोकरीची सगळी वर्षे पाण्याच्या प्रयोगशाळेत गेली. मशीनचे पैसे तूर्त घरातच राहू देत.

आधी त्या सळ्यांच्या खेळाबद्दल, कारण सासूबाईंच्या मनातली भीती जायला हवी. त्या सळ्यांतली एक लोखंडाची असते. पाण्यात थोडे क्षार असले की वीज वाहते, लोखंड विरघळते आणि त्याचा गंज तरंगू लागतो. तो गाळ सळीचा आहे, तुमच्या पाण्याचा नाही. आरओच्या पाण्यात क्षार जवळपास नसतातच, त्यामुळे वीज वाहत नाही आणि पाणी स्वच्छ दिसते. त्याच्या बाटलीत चिमूटभर मीठ टाकले असते तर तिथेही तोच गाळ झाला असता. अशी भीती घालून लोकांना कर्जात ढकलतात याचा मला मनापासून राग येतो.

आता ६८ चा अर्थ. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. तुझे पाणी त्याच्या किती खाली आहे ते बघ. आरओचे मुख्य काम क्षार काढणे, आणि तुझ्याकडे काढण्याइतके क्षारच नाहीत. मे २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ५०० च्या आत क्षार असलेल्या ठिकाणी आरओवर बंदी आणण्याचे निर्देश केंद्राला दिले होते, ते पाण्याच्या याच नासाडीमुळे. वास्कोच्या भावाचे मचूळ बोअरचे पाणी ही वेगळी गोष्ट, तिथे आरओ योग्य. दुसरे असे की कावीळ, टायफॉइड, जुलाब यांचे जंतू त्या मीटरवर दिसतच नाहीत. टीडीएस ६८ असलेले पाणी निर्मळ असू शकते आणि त्यात मैलाही मिसळलेला असू शकतो.

म्हणून खरा प्रश्न हा, की घाण शिरते कुठे. ओपाला खांडेपार नदीचे पाणी उचलतात, तुरटीने गाळ बसवतात, वाळूतून गाळतात आणि क्लोरीन घालून सोडतात. तो क्लोरीन थोडा शिल्लक राहून तुझ्या नळापर्यंत यायला हवा, मानकाप्रमाणे लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम. वाटेतल्या घाणीशी लढायला तोच एक राखणदार असतो. नळ दिवसात दोनच तास असला की उरलेले बावीस तास वाहिनी रिकामी राहते. आत दाब नसतो, आणि जिथे सांधा गळका असेल तिथून बाहेरचे पाणी आत ओढले जाते. पावसात ते बाहेरचे पाणी गटाराचेही असते. तुला सुरुवातीला तांबूस येते, त्याचे कारण बहुधा हेच. वाहिनी फुटून दुरुस्त झाली की हे आणखी वाढते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कुर्टी-खांडेपारला मोठी वाहिनी फुटली आणि फोंडा-तिसवाडीत कित्येक दिवस पाणी नव्हते, आठवत असेल. अशा दुरुस्तीनंतरचे पहिले पाणी पिण्यासाठी कधीच धरू नये.

पण वरच्या टाकीचे पाणी दिवसभर गढूळ राहते, हे वाहिनीचे काम नाही. ते अंगणातल्या टाकीचे किंवा गच्चीवरच्या टाकीचे. ते ओळखायला क्लोरीन तपासायचा साधा संच आण. डीपीडीचा घे, त्यात क्लोरीन असला की पाणी गुलाबी होते. पिवळा रंग येणारा ऑर्थोटोलिडिनचा संचही मिळतो, पण ते रसायन विषारी आहे, बाळाच्या घरात नको. नळ सुटल्यावर पाणी निवळले की नळजोडणीच्या मीटरजवळचे पाणी तपास, मग अंगणातल्या टाकीचे, मग स्वयंपाकघरातल्या नळाचे. रंग जिथे नाहीसा होतो, तिथे घाण क्लोरीनला खाते आहे.

जमिनीखालच्या टाकीची आणखी एक परीक्षा पावसातच करता येते. रात्री नळाचा व्हॉल्व्ह बंद करायचा, मोटर लावायची नाही, आतल्या पाण्याच्या पातळीवर खडूने खूण करायची. पाऊस पडता पडता सकाळपर्यंत पातळी चढली, तर बाहेरचे पाणी भेगांतून किंवा झाकणाखालून आत येते आहे. आपल्याकडे पावसाळ्यात भूजल अंगणाच्या अगदी जवळ येते, आणि त्याच जमिनीत सोकपिट, म्हणजे संडासाचे पाणी मुरवायचा खड्डाही असतो.

जंतूंसाठी एचटूएसची बाटली मिळते. तिच्यात खुणेपर्यंत पाणी भरून उबदार जागी ठेवायची. एक-दोन दिवसांत काळी पडली तर मैल्याचा संबंध आहे असे धर. काळी पडली नाही म्हणून मात्र निर्धास्त राहू नये. खात्रीसाठी प्रयोगशाळाच हवी. जलजीवन मिशनखाली सरकारी पाणी-प्रयोगशाळा सामान्य लोकांसाठीही खुल्या केल्या आहेत, पंचायतीत विचार. नमुन्याची बाटली त्यांच्याकडूनच घे. ती निर्जंतुक असते आणि आत क्लोरीन मारणारे औषध घातलेले असते. घरातली लोणच्याची बरणी धुऊन नेलीस तर निकालाला काही अर्थ उरणार नाही. बाटली बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायची.

आता विहीर. सासूबाईंच्या विहिरीला मी नावे ठेवणार नाही, कवळ्या-बांदोड्याच्या विहिरींचे पाणी चवीला उत्तम असते. पण आपली जमीन जांभ्याची. हजारो वर्षांच्या पावसाने त्यातला चुना धुऊन गेला आहे. पावसाचे पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन खाली उतरते आणि त्याची आम्लता मारणारे काही वाटेत भेटत नाही. म्हणून अशा विहिरींचे पाणी बहुधा आम्लधर्मी असते, मानकाच्या ६.५ पीएचच्या खालचे. चवीला कळत नाही. पण असे पाणी रात्रभर तांब्याच्या कळशीत राहिले की तांबे जास्त उतरते. तांब्याच्या भांड्यात जंतू कमी होतात हे प्रयोगांतही दिसले आहे, त्यामुळे सासूबाईंची पद्धत निराधार नाही. मोठ्या माणसाचे एक वेळ चालेल. बाळाला ते पाणी देऊ नकोस, त्याच्या शरीराला तेवढे तांबे झेपत नाही. कोकमाचे सार किंवा लिंबाचे पाणी तर कल्हई नसलेल्या तांब्यात कोणासाठीच ठेवू नये.

विहिरीचे पाणी बाळाला देण्याआधी नायट्रेट तपासून घे. मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. जवळ सोकपिट, गोठा किंवा शेणखताचा ढीग असला की नायट्रेट चढते. लहान बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद त्याने कमी होते, आणि उकळून ते जात नाही, उलट पाणी आटले की प्रमाण वाढते. तपासणी होईपर्यंत बाळासाठी नळाचे, निवळलेले, उकळलेले पाणी.

पाणी काढले तेव्हा स्वच्छ आणि थोड्या वेळाने बादलीत तांबूस, चहा काळपट, असे विहिरीच्या पाण्याचे होते का ते कळव. तसे असेल तर लोह आहे. त्याचा उपाय सोपा आहे, तो मग लिहितो.

नळकामवाला, फोंडा

काकांनी सांगितले ते बरोबर. मी हाताने करायचे सांगतो.

मीटरपासून टाकीपर्यंतचा पाइप कुठून जातो ते बघा. जुन्या घरांत तो हमखास गटारातून किंवा गटाराच्या कडेने नेलेला असतो. जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचा, असेल तर आपल्या पाण्याने आतून खाल्लेला असणार. तो काढून एचडीपीईचा, म्हणजे जाड प्लास्टिकचा, टाका, गटाराच्या वरून न्या, मध्ये सांधा नको. मीटरनंतर लगेच एक टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, टाकून खाली नळ बसवा. सकाळी आधी तो सोडायचा, तांबूस पाणी बादलीत धरून माडांना घालायचे, साफ आले की टाकीचा व्हॉल्व्ह उघडायचा. खर्च थोडा, फरक मोठा. त्याच टीवरून स्वयंपाकघरात एक थेट नळ नेता आला तर पिण्याचे पाणी टाकीत जायलाच नको.

सगळ्यांत महत्त्वाचे: विहिरीचा पंप त्याच वरच्या टाकीला जोडला आहे का? पुष्कळ घरांत नळाची आणि विहिरीची लाइन एका व्हॉल्व्हवर जोडून ठेवलेली असते. तो व्हॉल्व्ह गळला की विहिरीचे पाणी नळाच्या वाहिनीत घुसते आणि शेजाऱ्यांच्या घरी पोचते. दोन्ही लाइनी वेगळ्या करा. मोटर थेट नळाच्या लाइनीला तर कधीच लावू नका, गटारातले सगळे ओढून घेते.

अंगणातल्या टाकीच्या तोंडाला वीतभर उंच कठडा बांधा, वरून लोखंडी झाकण. गच्चीच्या टाकीच्या ओव्हरफ्लोला जाळी. मी उघडलेल्या टाक्यांत मेलेल्या पाली, पाने, कबुतरांची पिसे, सगळे पाहिले आहे.

आरोग्य केंद्रातली परिचारिका

ताई, कावीळ म्हटली की लोक पाणी गढूळ दिसते तोवर उकळतात आणि निवळले की सोडून देतात. असे करू नका. पाण्यातून येणारी कावीळ ए किंवा ई प्रकारची. जंतू पोटात गेल्यापासून ती दिसायला ए साठी सरासरी चार आठवडे लागतात, ई साठी थोडे जास्त. खालच्या वाड्यावर आज जे आजारी आहेत त्यांनी ते पाणी महिन्यापूर्वी प्यालेले असणार. तुमच्या घरी अजून कोणाला काही नाही, याचा अर्थ पाणी चांगले आहे असा होत नाही. आजपासून उकळा आणि पावसाळाभर उकळत राहा. वाड्यात कोणी गरोदर असेल तर तिला मुद्दाम जाऊन सांगा, ई प्रकारची कावीळ गरोदरपणात जिवावर बेतते.

उकळणे म्हणजे खळखळून बुडबुडे यायला हवेत, त्यानंतर एक मिनिट. कोमट करून उतरवले तर उपयोग नाही. दहा-वीस मिनिटे गॅस जाळायचीही गरज नाही. गढूळ असेल तर आधी जुन्या सुती साडीच्या चार पदरांतून गाळा. बांगलादेशातल्या मतलब भागात नुसत्या अशा साडीने गाळल्यावर कॉलरा जवळजवळ निम्म्याने कमी झाला होता, २००३ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. पण नुसते गाळणे पुरेसे नाही, उकळायला हवेच. कपडा रोज धुऊन उन्हात किंवा चुलीजवळ वाळवा.

उकळले त्याच भांड्यात झाकून थंड होऊ द्या. दुसऱ्या भांड्यात ओतताना आणि हात-पेला बुडवताना सगळे श्रम वाया जातात. तोटी असलेले भांडे सर्वांत चांगले, नाहीतर लांब दांड्याचे ओगराळे, आणि ते फक्त पाण्यासाठीच.

बाळाला बाटली नको, वाटी-चमचा द्या. बाटलीचे बूच आणि रबर नीट साफ होत नाही. वाटी-चमचाही उकळत्या पाण्यातून काढा. सत्त्व शिजवाल तेव्हा पाणी आपोआप उकळते, पण नंतर पातळ करायला वरून घालाल तेही उकळलेलेच हवे. अंगावरचे दूध चालूच ठेवा. आंघोळीला निवळलेले नळाचे पाणी चालेल, तोंडात जाऊ देऊ नका. दात येऊ लागले की पुसायला पिण्याचेच पाणी.

आणि खालच्या वाड्यावरच्या काविळीची खबर आरोग्य केंद्रात पोचली आहे का ते बघा. नसेल तर तुम्ही सांगा. कळले तरच कर्मचारी येऊन पाण्याचे नमुने घेतील आणि विहिरींत ब्लीचिंग पावडर टाकतील. इस्पितळात जायची वेळ यायच्या आधी हे व्हायला हवे.

कवळ्याची सून

सगळ्यांचे मनापासून आभार. यजमानांनी संच आणला. मीटरजवळ पाणी छान गुलाबी झाले. अंगणातल्या टाकीचे जेमतेम, आणि स्वयंपाकघरातल्या नळाचे अजिबात नाही. खडूची खूणही केली. रात्रभर पाऊस होता, सकाळी पाणी खुणेच्या दोन बोटे वर. सासूबाई स्वतः वाकून बघून आल्या आणि म्हणाल्या, ह्या टाकीचे पाणी नको. मशीनवाल्याला नाही म्हणून सांगितले.

विहिरीचे पाणी बादलीत तांबूस होत नाही. पंप मात्र त्याच टाकीला जोडलेला निघाला, लाइन वेगळी करायला माणूस येतो आहे. आता वरची टाकी कशी धुवायची आणि विहिरीत पावडर किती टाकायची, तेवढे सांगाल का? टाकी हजार लिटरची आहे. विहीर तीन मीटर रुंद, सध्या पाणी पाचेक मीटर.

निवृत्त पाणीतपासनीस

छान केलेस बाय. अंगणातली टाकी पाऊस थांबून आतून लिंपून होईपर्यंत वापरू नकोस. नळाचा दाब पोचत असेल तर पाणी थेट वर चढव, नाहीतर अंगणात झाकणाची छोटी प्लास्टिकची टाकी जमिनीच्या वर ठेवून तिच्यातून मोटर लाव.

वरची टाकी पूर्ण रिकामी करून ब्रशने घासायची, तळाचा गाळ बुचातून बाहेर काढायचा. मग ती भरून दोनशे ग्रॅम ब्लीचिंग पावडरीची निवळी घालायची (ती कशी करायची ते खाली विहिरीच्या भागात लिहिले आहे). हे प्रमाण टाकी निर्जंतुक करण्याचे आहे, पिण्याचे नाही, घरात सगळ्यांना बजावून ठेव. स्वयंपाकघरातला नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडायचा म्हणजे पाइपही धुतला जातो, आणि रात्रभर तसेच ठेवायचे. सकाळी ओतून द्यायचे, झाडांना नाही, विहिरीच्या बाजूलाही नाही. दोनदा साध्या पाण्याने विसळले की झाले. हातमोजे घाल, बाळाला त्या दिवशी लांब ठेव. संडास धुण्याचे ॲसिड त्या पावडरीच्या जवळपासही आणू नकोस, दोन्ही मिसळले की विषारी वायू होतो.

विहिरीचे गणित असे: रुंदीचा वर्ग, गुणिले खोली, गुणिले ३.१४, भागिले चार, आणि लिटरसाठी गुणिले हजार. तुझ्या विहिरीत सुमारे पस्तीस हजार लिटर पाणी आहे. हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली पावडर, म्हणजे नव्वद ग्रॅमच्या आसपास. बादलीत थोड्या पाण्यात खळ करायची, मग बादली पाऊण भरून ढवळायची, चुना खाली बसू द्यायचा आणि वरची निवळी दुसऱ्या बादलीत घ्यायची. खालचा चुना विहिरीत टाकू नये. निवळीची बादली दोराने पाण्याखाली सोडून वरखाली, आजूबाजूला हलवायची. रात्री टाकावे, सकाळपर्यंत कोणी पाणी काढू नये. किमान एक तास तरी हवाच. मग तोच संच लावून बघ, लिटरला ०.५ मिलिग्रॅमपर्यंत रंग आला की बरोबर बसले. नाही आला तर थोडी आणखी टाक. पाऊस जोरात असला की नवे पाणी झिरपत राहते, तेव्हा पुन्हा पुन्हा तपासावे लागेल.

पावडर घेताना तारीख बघ आणि लहान पिशवी घे. आपल्या दमट हवेत उघडी राहिली की क्लोरीन उडून जातो आणि हाती नुसता चुना राहतो. वास उग्र येत नसेल तर ती टाकून दे.

एक गोष्ट राहिली. सोकपिट विहिरीपासून किती लांब आहे ते मोजून इथे लिही. पंधरा मीटर तरी हवे, आणि जांभ्यात पोकळ्या असतात म्हणून त्याहून जास्त असेल तर बरे. शेजाऱ्यांचा सोकपिटही मोज.